हाउराइट कोकणात का सापडणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण कोकणातील खनिजांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख बहुतांशी अभ्यासपूर्ण होता. रेडीचे लोहखनिज आणि सावंतवाडी-वेंगुर्ले पट्ट्यातील मँगेनीज यांचा इतका नेमका परिचय वृत्तपत्रात क्वचितच वाचायला मिळतो. मात्र लेखाच्या अखेरीस, येथील काळ्या दगडांत हाउराइट हे दुर्मीळ मँगेनीज सल्फाइडही दडलेले असू शकेल, अशा आशयाचे एक विधान आहे आणि त्याचा प्रतिवाद करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ‘दुर्मीळ’ हा शब्द छापून आला की त्याला लगेच किंमत चिकटते. लेख प्रसिद्ध झाल्यापासून सड्यावरचे काळे खडे पिशवीत घालून दाखवायला आणणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि उद्या असे खडे विकत घेण्याच्या वा विकून देण्याच्या नावाखाली कोणी गावकऱ्यांची फसवणूक करणार नाही, याची खात्री देता येत नाही. म्हणून हाउराइट म्हणजे काय, ते कोणत्या परिस्थितीत तयार होते आणि ती परिस्थिती आपल्या किनारपट्टीवर का नाही, हे थोडे विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

हाउराइट हे मँगेनीजचे डायसल्फाइड आहे. मँगेनीजच्या एका अणूमागे गंधकाचे दोन अणू, म्हणजे वजनाने सुमारे ४६ टक्के मँगेनीज आणि ५४ टक्के गंधक, असे त्याचे घटन आहे. त्याचे स्फटिक घन समुदायातील असून बहुधा अष्टफलकाच्या आकारात मिळतात. रंग तपकिरी-काळा, क्वचित करडा-काळा. पातळ कडेतून प्रकाश आरपार गेला तर खोल तांबूस छटा दिसते. चमक धातूसारखी आणि हिऱ्यासारखी यांच्या मधली. कस, म्हणजे खरखरीत फरशीवर घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, तांबूस-तपकिरी. कठिनता (मोसच्या १ ते १० या मापनात) ४ असल्यामुळे ते चाकूने ओरखडले जाते आणि विशिष्ट गुरुत्व ३.४६च्या आसपास भरते. घनाच्या पृष्ठांना समांतर असे उत्तम पाटन (ठरावीक दिशांनी सपाट फुटण्याचा गुण) असल्याने ते सहज फुटते. यांतील कसाची खूण पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

या खनिजाची प्रथम नोंद १८४६ साली आजच्या स्लोव्हाकियातील कालिंका या गावच्या गंधकाच्या खाणीतून झाली. विल्हेल्म हायडिंगर या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले आणि योझेफ फॉन हाउअर व फ्रांझ फॉन हाउअर या पितापुत्रांच्या सन्मानार्थ त्याला हे नाव दिले. यांपैकी फ्रांझ हे पुढे व्हिएन्नाच्या भूवैज्ञानिक संस्थेचे संचालक झाले. संग्रहालयांत दिसणारे मोठे नमुने मात्र बहुतेक कालिंकाचे नसतात, ते सिसिली बेटावरील राद्दूझाजवळच्या देस्त्रिचेल्ला खाणीचे असतात. तेथे कित्येक सेंटिमीटर लांबीरुंदीचे सुबक अष्टफलक चिकणमातीत रुतलेले मिळाले. तिसरे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे अमेरिकेतील टेक्सास-लुइझियाना किनारपट्टीच्या भूगर्भातील मिठाचे घुमट.

कालिंका ज्वालामुखीच्या खडकांत, सिसिली आटलेल्या समुद्राच्या गाळात, आणि टेक्सास मिठाच्या घुमटांवर. भूशास्त्रीय दृष्ट्या या तिन्ही जागा एकमेकींपासून अगदी भिन्न आहेत, तरी तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे मुक्त गंधकाची विपुलता. कालिंका येथे ज्वालामुखीजन्य वायूंनी व उष्ण पाण्याने अँडेसाइट खडक कुजून त्याची चिकणमाती झाली आणि त्या मातीत गंधक व जिप्सम साचले. सिसिलीत सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र आटत असताना जिप्समचे जाड थर बसले. पुढे सूक्ष्मजीवांनी खडकातील हायड्रोकार्बनच्या आधारावर त्या जिप्सममधील सल्फेटाचे हायड्रोजन सल्फाइड केले आणि त्याच्या ऑक्सिडीकरणातून मूलद्रव्य रूपातील गंधक निर्माण झाला. मिठाच्या घुमटांच्या माथ्यावरील टोपीखडकात हीच प्रक्रिया अनहायड्राइट (पाण्याचा अंश नसलेले कॅल्शियम सल्फेट) आणि खनिज तेल यांच्या संयोगाने घडली. अशा गंधकाने भरलेल्या, ऑक्सिजनला मज्जाव असलेल्या आणि फारसे तापमान नसलेल्या जागी मँगेनीजचे आयन पोहोचले, तरच हाउराइटचा स्फटिक धरतो. तापमान फार वाढले तर ते टिकत नाही. बंद नळीत तापवले असता त्यातील अर्धा गंधक वाफ होऊन नळीच्या थंड भागावर पिवळा बसतो आणि मागे हिरवट रंगाचे साधे मँगेनीज सल्फाइड उरते.

यावर वाचकांच्या मनात एक रास्त प्रश्न येईल. मँगेनीज काही दुर्मीळ धातू नाही. पृथ्वीच्या कवचात तो मुबलक आहे. गंधकही मुबलक आहे. मग या दोहोंचे संयुग इतके विरळ का? माझ्या मते या खनिजाविषयी जाणून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तिचे उत्तर लोहात आहे.

लोहाचे डायसल्फाइड म्हणजे पायराइट, आपल्याकडचे माक्षिक. पायराइट आणि हाउराइट यांची अणुरचना एकाच साच्याची आहे, पण आकार वेगळा. पायराइटच्या एकक घनाची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घनाची) बाजू ५.४२ अँगस्ट्रॉम भरते तर हाउराइटची ६.१० (एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). लोहाच्या आयनातील सहा डी-इलेक्ट्रॉन पायराइटमध्ये जोडीजोडीने बसतात, त्यामुळे आयन आक्रसतो आणि गंधकाशी त्याचा बंध घट्ट होतो. मँगेनीजच्या आयनात असे पाच इलेक्ट्रॉन असतात व ते सुटे सुटे राहणेच पसंत करतात. आयन मोठा राहतो, जाळी सैल होते, आणि म्हणून पायराइटचे विशिष्ट गुरुत्व ५ व कठिनता ६ ते ६.५ असताना हाउराइट इतके हलके व मऊ निघते. ही सैल रचना किती दाबली जाऊ शकते हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. हिऱ्यांच्या ऐरणीत, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना चेपणाऱ्या उपकरणात, प्रचंड दाबाखाली या खनिजाचे इलेक्ट्रॉन अखेर जोडीने बसले आणि त्याचे आकारमान एकदम सुमारे २२ टक्क्यांनी घटले. घन पदार्थात इतका मोठा संकोच फार विरळा.

सामान्य परिस्थितीत मात्र परिणाम असा, की जेथे लोह, मँगेनीज आणि सल्फाइड तिन्ही एकत्र येतात तेथे गंधक आधी लोहाच्या वाट्याला जातो. लोह सल्फाइडपेक्षा मँगेनीज सल्फाइड कित्येक हजार पटींनी अधिक विद्राव्य आहे. लोह संपेपर्यंत मँगेनीज पाण्यातच विरघळलेले राहते आणि ते पायराइटच्या जाळीतही नीट सामावत नाही. म्हणजे हाउराइट बनायला गंधक भरपूर हवा एवढेच पुरेसे नाही. लोह जवळपास नसावे आणि तरीही मँगेनीज असावे, ही अट निसर्गात जुळणे अतिशय कठीण आहे, कारण हे दोन धातू बहुतेक सर्वत्र हात धरून चालतात.

आता आपल्या सड्यांकडे वळतो. वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, त्यानंतर कडक ऊन, आणि हे चक्र लक्षावधी वर्षे. यातून खडकातील सिलिका व क्षार वाहून गेले आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली, तो आपला जांभा. दक्षिण सिंधुदुर्गात जांभ्याखाली धारवाड काळातील प्राचीन खडक आहेत व त्यांतील मँगेनीजही याच प्रक्रियेने वर येऊन साचले. पण ते साचले ऑक्साइडांच्या रूपात. पायरोलुसाइट आणि सिलोमिलेन ही आपल्या काळ्या दगडांतील खनिजे, आणि त्यांत मँगेनीज मुख्यतः चार संयुजेच्या, म्हणजे अधिक ऑक्सिडीकृत अवस्थेत असते. हाउराइटमध्ये ते दोन संयुजेचे असते. जेथे हवा आणि पावसाचे पाणी चिऱ्याच्या रंध्रारंध्रांतून खाली झिरपते, तेथे सल्फाइड टिकूच शकत नाही. शिवाय जांभा म्हणजे लोहाचे भांडारच. हाउराइटच्या दोन्ही अटी, ऑक्सिजनचा अभाव आणि लोहाचा अभाव, येथे एकाच वेळी मोडतात. चिरेखाणीत कितीही खोल गेले तरी त्यात फरक पडणार नाही.

सड्यावर नाही तर खाडीत असेल का, असेही कोणी विचारेल आणि हा प्रश्न मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो, कारण खाजणातला काळा चिखल उपसला की कुजक्या अंड्यांचा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचाच असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. भरतीचे पाणी ते कांदळवनाच्या चिखलात आणून सोडते, चिखलात बोटभर खाली ऑक्सिजन संपतो, आणि तेथील जीवाणू पालापाचोळ्याचे विघटन करताना श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून त्याचे सल्फाइड करतात. म्हणजे ऑक्सिजनचा अभाव आहे, सल्फाइडही आहे आणि डोंगरावरून वाहून आलेले मँगेनीजही आहे. अडते ते पुन्हा लोहापाशी. पावसाळ्यात आपल्या नद्या ज्या तांबड्या रंगाने वाहतात तो रंग लोहाचा. हे लोह खाडीत बसते आणि तयार होणारे सल्फाइड जवळजवळ सगळेच पकडून ठेवते. चिखलाचा काळा रंग त्याच लोह सल्फाइडाचा, आणि कालांतराने त्याचे सूक्ष्म पायराइट होते. खारभूमीची जमीन बांध घालून कोरडी केली की कधीकधी ती आंबट होते, पीक धरत नाही, त्याचेही एक कारण हेच पायराइट असते. हवा लागली की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल निघते. मँगेनीज या सगळ्यात विरघळलेले राहून ओहोटीबरोबर निघून जाते, किंवा कार्बोनेटात अडकते.

समुद्राच्या तळाशी मँगेनीज सल्फाइड बनतच नाही असे मात्र नव्हे. बाल्टिक समुद्रातील लँडसॉर्ट आणि गॉटलंड या खोल खड्ड्यांच्या गाळात ते आढळले आहे. तेथे तळाचे पाणी दीर्घकाळ ऑक्सिजनविना पडून राहते, मधूनच उत्तर समुद्रातून ताजे खारे पाणी शिरते, त्याने मँगेनीजचे ऑक्साइड एकदम तळाशी बसते आणि नंतर ते पुन्हा विरघळून इतक्या प्रमाणात साचते की सल्फाइड व कार्बोनेट दोन्ही तयार होतात. गॉटलंडच्या गाळातील हे सल्फाइड रॅम्बर्गाइट नावाच्या षट्कोनी खनिजाच्या रूपात असते. त्या खनिजाची मूळ नोंद स्वीडनमधील गार्पेनबर्ग खाणीची आहे. आपल्या उथळ, दिवसातून दोनदा भरती-ओहोटीने ढवळल्या जाणाऱ्या खाड्यांना ती स्थिती लाभत नाही. आणि तेथेही जे बनते ते साधे सल्फाइड असते, हाउराइट नव्हे.

मग हा गैरसमज मुळात निर्माण कशाने झाला असावा? माझा तर्क असा आहे, की लेखकाला कोणीतरी काळा दगड दाखवला असेल आणि त्याचा कस तांबडा आला असेल. मँगेनीजच्या ऑक्साइडांचा कस काळा वा तपकिरी-काळा येतो. त्यामुळे मँगेनीजच्या खाणीजवळ मिळालेल्या काळ्या दगडाने तांबडी रेघ ओढली की पुस्तक चाळणाऱ्याला हाउराइट आठवणे शक्य आहे. परंतु तांबडा कस हेमॅटाइटचाही असतो, आणि रेडीपासून पुढे गोव्यापर्यंत पसरलेले लोहखनिज मुख्यतः हेमॅटाइटच आहे. आपल्या भागात काळ्या दगडाचा कस तांबडा आला, तर तो हेमॅटाइट आहे असेच समजावे.

खात्री करून घ्यायची असेल तर फार साधनांची गरज नाही. फरशीची मागची खरखरीत बाजू किंवा कपाच्या बुडाची चकाकी नसलेली कड कस पाहण्यास पुरते. हेमॅटाइटचे विशिष्ट गुरुत्व ५.२च्या आसपास असल्याने तेवढ्याच आकाराच्या हाउराइटच्या दीडपट वजन हाताला जाणवते. कठिनतेवर मात्र विसंबू नये, कारण मातकट हेमॅटाइट नखानेही खरवडले जाते आणि स्फटिकरूप हेमॅटाइटवर चाकूची मात्रा चालत नाही. पायरोलुसाइट ओळखणे तर आणखी सोपे; ते हाताळले की बोटे काळी होतात.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सावध करू इच्छितो. हाउराइटवर हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यास हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि गंधक खाली उरतो, ही त्याची पुस्तकी कसोटी आहे. ही कसोटी आपल्याकडच्या काळ्या दगडांवर घरी कोणीही करून पाहू नये. पायरोलुसाइट म्हणजे मँगेनीज डायऑक्साइड, आणि त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल पडले की क्लोरीन वायू निघतो. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७४ साली क्लोरीन प्रथम वेगळा काढला तो याच अभिक्रियेने. संडास-बाथरूम साफ करण्याचे आम्ल आज प्रत्येक वाण्याकडे मिळते आणि मुलांच्या हाती ते सहज येते. बंद खोलीत हा वायू फुप्फुसांना गंभीर इजा करतो; हायड्रोजन सल्फाइडही तितकाच विषारी आहे. शिक्षकांनी हा भाग वर्गात आवर्जून सांगावा.

लेखात ‘मँगेनीज सल्फाइड’ हे शब्द हाउराइटपुरतेच वापरले आहेत, तेही पुरेसे नाही. एका अणूला एक अणू असे साधे मँगेनीज सल्फाइड निसर्गात अलाबँडाइट या नावाने मिळते. तुर्कस्तानातील अलाबंदा या प्राचीन नगरावरून त्याचे नाव पडले असले तरी त्याचे अभिजात ठिकाण रुमानियातील सॅकॅरिंब हे आहे. तेथे ते सोन्याच्या टेल्युराइडांबरोबर (सोने व टेल्युरियम यांच्या संयुगांबरोबर) शिरांमध्ये सापडते. मिठासारखी घन रचना, लोखंडी काळा रंग, विशिष्ट गुरुत्व ४च्या आसपास, आणि कस चक्क हिरवा. काळ्या दगडाने हिरवी रेघ ओढलेली पाहणे हा खनिज अभ्यासकाच्या आयुष्यातील आनंदाचा क्षण असतो. हे खनिजही विरळ आहे आणि तेही आपल्या जांभ्यात मिळणार नाही, कारण ऑक्सिजनचा व लोहाचा न्याय त्यालाही लागू आहे. ऑक्सिजन अत्यल्प असलेल्या परिस्थितीत घडलेल्या एन्स्टॅटाइट वर्गाच्या काही अशनींत मात्र ते आढळते.

बारावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने हे संयुग खरे तर डोळ्यांनी पाहिलेले आहे. क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात चौथ्या गटाच्या वेळी अमोनियायुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर जो फिकट गुलाबी, मांसल रंगाचा साका येतो, तो मँगेनीज सल्फाइडाचाच. तो सौम्य आम्लात लगेच विरघळतो, आणि या संयुगाची विद्राव्यता किती आहे याचा तोच पुरावा. पोलादातही हेच घडवून आणले जाते. पोलादात उरलेला गंधक लोहाशी संयोग पावला तर कणांच्या सीमांवर सहज वितळणारा थर बनतो आणि तापवून लाटताना पोलाद फुटते. म्हणून त्यात मँगेनीज घालतात; पाण्यात गंधक आधी लोहाकडे जातो, पण पोलाद वितळून थिजतानाच्या तापमानाला उलट मँगेनीजच गंधकाला ओढून घेते व १,६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानापर्यंत न वितळणारे मँगेनीज सल्फाइडाचे सूक्ष्म कण तयार होतात. आपल्या कोकण रेल्वेच्या रुळांतही ते आहेत. निसर्गात जे संयुग शोधत जावे लागते ते भट्टीत रोज टनावारी तयार होते, आणि आपल्या काळ्या दगडांची खरी किंमत या उपयोगात आहे.

ज्यांच्याकडे परदेशातून आणलेला हाउराइटचा नमुना असेल त्यांच्यासाठी एक सूचना. या खनिजातील गंधक इतका क्रियाशील असतो की चांदी किंवा तांब्याला त्याचा स्पर्श झाला तर त्या धातूवर सल्फाइडाचा काळा थर चढतो. म्हणून तो चांदीच्या डबीत वा तांब्याच्या ताटलीत ठेवू नये, आणि संग्रहालयांनी तो चांदी-तांब्याच्या नमुन्यांच्या शेजारी मांडू नये. आपल्या दमट हवेत तो लवकर निस्तेज होतो. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवणे उत्तम.

माझी आपणास दोन बाबतींत विनंती आहे. पहिली, संबंधित विधानाची दुरुस्ती पुरवणीच्या त्याच पानावर ठळकपणे छापावी, जेणेकरून लेख कापून ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत ती पोहोचेल. दुसरी, त्या लेखासोबत ‘काळे मँगेनीज खनिज’ या मथळ्याखाली जे छायाचित्र आहे, त्यातील दगड चकाकीवरून व तुटलेल्या कडेवरील तांबूस रंगावरून मला हेमॅटाइट वाटतो. नमुना लेखकाकडे अजून असल्यास त्याचा कस पाहून तेही तपासून घ्यावे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग